साताऱ्याचा र आणि तीन तासांचं ट्यूटोरियल

दीड वर्षापूर्वी, जुलैत, तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांचा मिनी प्रोजेक्ट माझ्याकडे आला. सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या मराठी बातम्या गोळा करायच्या आणि बातमी कुठल्या गावाची आहे ते प्रोग्रॅमनं ओळखायचं, एवढंच काम. मुलांनी हजारभर बातम्या जमवल्या, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सायकिट-लर्न या तयार लायब्ररीतलं, मजकुरातले शब्द मोजणारं काउंटव्हेक्टरायझर लावलं आणि शब्दांची यादी काढून माझ्यासमोर ठेवली. त्या यादीत सातारा नव्हता. कोल्हापूर नव्हतं. वाई, विटा नव्हते. सांगलीच्या जागी 'गल' असा शब्द होता, मिरजेच्या जागी 'रज' आणि कराडच्या जागी 'कर'. धड राहिलेली गावं दोनच, जत आणि फलटण. गटातली एक मुलगी जतची. ती म्हणाली, "मॅडम, आमचं गाव तेवढं आलंय."

त्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावरही आम्ही पाचजण लॅबमध्ये बसून राहिलो. कारण सापडायला अर्धा तास लागला. काउंटव्हेक्टरायझरला वेगळं काही सांगितलं नाही, तर त्याच्या लेखी शब्द म्हणजे दोन किंवा जास्त 'शब्दातली अक्षरं' सलग. आणि पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या नियमांत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह यांतलं काहीच 'शब्दातलं अक्षर' धरलं जात नाही. काना आला की शब्द तिथेच तुटतो. सातारा म्हणजे स, त, र असे तीन सुटे तुकडे, प्रत्येक एकेकटा, म्हणून तिन्ही बाहेर. सांगलीतला स गेला, ग आणि ल शेजारी होते म्हणून 'गल' उरलं. जत आणि फलटण यांना कानामात्राच नाही, म्हणून ती वाचली. बातमीत 'फलटणला' असं आलं की तिथेही 'फलटणल' झालेलं होतं.

दुरुस्ती सोपी निघाली. पायथॉनसाठी 'रेजेक्स' नावाचं वेगळं पॅकेज आहे, ते ही चिन्हं शब्दाचाच भाग मानतं. एक ओळ बदलली, गावं परत आली. पण माझ्या मनातून ते जाईना. मी गेली अकरा वर्षं संगणकशास्त्र शिकवते आहे, त्यातली चार वर्षं भाषा-संगणनाचा इलेक्टिव्ह. माझ्या सगळ्या स्लाइडांवर इंग्रजी उदाहरणं होती. माझ्याच जिल्ह्याचं नाव माझ्याच पद्धतीनं चालवून मी कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्यापेक्षा खोल होता. 'साताऱ्यात' हा शब्द शोधला की निम्म्याच बातम्या मिळत होत्या. उरलेल्या बातम्या उघडून बघितल्या तर त्यांतही 'साताऱ्यात' होतंच, डोळ्यांना काडीचा फरक दिसत नव्हता. मग एकेक कोड पॉइंट उलगडला, म्हणजे युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकानं प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला दिलेला क्रमांक बघितला. काही ठिकाणी ऱ म्हणजे यू+०९३१, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य. काही ठिकाणी साधा र, पाय मोडायचं चिन्ह, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, यू+२००डी, आणि मग य. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत. युनिकोडच्या तक्त्यात ऱ हे अक्षर द्राविडी भाषांतला वेगळा र लिहिण्यासाठी म्हणून दिलेलं आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला दऱ्याखोऱ्यांतला र, अशी सोय केलेली आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट धरून इंग्रजी J दाबला की येतो. जॉइनरची रीत युनिकोडच्या २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून मान्य ठेवलेली आहे. म्हणून एकाच शब्दाची दोन शुद्ध रूपं मराठी मजकुरात शेजारी शेजारी नांदतात, आणि नॉर्मलायझेशन, म्हणजे समान धरलेल्या लिखाणांना एकच ठरलेलं रूप देणं, केलं तरी ती एक होत नाहीत.

खरं नुकसान त्यापुढे होतं. मजकूर साफ करण्याच्या बऱ्याच स्क्रिप्टा न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकतात. जॉइनर गेला की र य वर रफार होऊन चढतो. साताऱ्यात चं 'सातार्यात' होतं. आचाऱ्यांना बोलावलं तर आचार्यांना निरोप जातो. आणि दऱ्यांचा होतो दर्या.

हे मी घरी आप्पांना मोबाइलवर दाखवलं. माझे वडील सांगलीच्या पेठेतल्या एका छापखान्यात तीस वर्षं कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचलं.

"सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या केलायस की गं."

"मी नाही केला आप्पा, मशिननं केलाय."

"मशिनला कुणी सांगितलं?" थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकडं त्याचा खिळा वेगळा असायचा. खणपण वेगळा. तो खिळा संपला तर मालक रफार लावू द्यायचे नाहीत. आधीचा फर्मा सुटायची वाट बघायची, पण रफार नाही."

एक खिळा संपला म्हणून अख्खं पान थांबवून ठेवणारी माणसं होती, आणि आपण हजारो बातम्यांतून तो र एका ओळीत पुसून टाकतो, तेही लक्षात न येता. त्या रात्री मी ठरवलं की याचं ट्यूटोरियल करायचं. शोधनिबंध लिहून भागणार नव्हतं, कारण यात माझा नवा शोध काहीच नाही. जाणकारांना हे सगळं ठाऊक आहे. पण जी मुलं आज मराठीसाठी मॉडेल बनवतायत त्यांच्यापर्यंत ते पोचलेलं नाही, आणि जे ठाऊक आहे ते पोचवण्यासाठीच कॉन्फरन्समध्ये ट्यूटोरियल असतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संगणकाच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये मुख्य कार्यक्रमाच्या आधी किंवा नंतर एखादा दिवस ट्यूटोरियलसाठी राखून ठेवतात. तीन तास, म्हणजे अर्धा दिवस, एका विषयाचं रीतसर शिकवणं. त्यासाठी काही महिने आधी प्रपोजल मागवतात आणि ती शोधनिबंधासारखीच तपासली जातात. आमच्या क्षेत्रात एसीएल, ईएसीएल, एनएएसीएल आणि ईएमएनएलपी या कॉन्फरन्सांसाठी गेल्या काही वर्षांत एकत्र आवाहन निघत आलंय. आपल्याकडे भारतात भरणाऱ्या आयकॉन या भाषा-संगणनाच्या कॉन्फरन्समध्येही ट्यूटोरियलं होतात.

माझं पहिलं प्रपोजल मी त्याच दिवाळीत लिहिलं आणि ते नाकारलं गेलं. कॉन्फरन्सचं नाव घेत नाही, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं. आज ती चार पानं वाचताना दिसतं की मी शोधनिबंधच लिहिला होता. सुरुवात २०११च्या जनगणनेनं, मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख. मग आमची लॅब, आम्ही जमवलेल्या बातम्या, शब्दाचे प्रत्यय तोडून मूळ शब्द काढणारा आम्ही लिहिलेला स्टेमर, त्याचे निकाल. तीन तासांतले जवळजवळ दोन तास आमच्या कामाचे. रिव्ह्यू तीन आले. एकानं विचारलं होतं की तीन तासांनंतर समोरच्या माणसाला असं काय करता येईल जे सकाळी येत नव्हतं. माझ्या चार पानांत याचं उत्तर कुठेच नव्हतं. दुसऱ्याचा प्रश्न होता, मराठीवर काम न करणाऱ्यानं इथे का बसावं?

हा दुसरा प्रश्न मला तेव्हा लागला. मराठीवरच बोलायचंय तर त्यात वावगं काय, असं दोन दिवस वाटत राहिलं. उत्तर दिलं ते जतच्या त्या मुलीनं. तिच्या घरी कन्नड बोलतात. तिनं गावाचं नाव कन्नड लिपीत, जत्त असं लिहून त्याच प्रोग्रॅममधून चालवलं. मराठीत शाबूत राहिलेलं गाव कन्नडमध्ये तुटलं. मग आम्ही बसून बंगाली, तेलुगू, तमिळ सगळ्या लिप्या तपासल्या. चिन्ह लावून स्वर लिहिणाऱ्या या सगळ्या लिप्यांची तीच गत. आणि आपला अर्धा र तरी फक्त आपला कुठे आहे? नेपाळीत 'गऱ्यो'सारख्या क्रियापदांत तोच आहे, कोकणीतही आहे. मी साताऱ्याला मराठीचं उदाहरण समजत होते. ते निम्म्या आशियाच्या कामाचं होतं, आणि माझ्या प्रपोजलमध्ये ती एक ओळ नव्हती.

त्यानंतर मी लिहायचं थांबवलं आणि आधी शिकवून बघायचं ठरवलं. जून ते ऑगस्ट, शनिवारी दुपारी अडीच ते साडेपाच, आमच्याच लॅबमध्ये, येईल त्याला खुलं. पहिल्या शनिवारी बावीसजण आले, त्यात दुसऱ्या कॉलेजांतले चार शिक्षक. मी इतिहासापासून सुरुवात केली. इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतपद्धतीचं १९९१चं मानक, त्याच वर्षी आलेली युनिकोडची पहिली आवृत्ती, देवनागरीचा १२८ जागांचा तक्ता. मला ते मनापासून आवडतं, म्हणून मी रंगून बोलत गेले. पहिलं प्रात्यक्षिक आलं तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. चहानंतर आठजण परत आलेच नाहीत. त्यांना एसटी गाठायची होती हे खरं, पण पुढच्या वेळी सातारा पहिल्या दहा मिनिटांत गायब केला तेव्हा एसटी असूनही कुणी उठलं नाही. प्रत्येकानं आपापल्या गावाचं नाव टाकून बघितलं. तासगावचं 'सग' झालं, पलूसचं 'पल'. माणसं एकमेकांच्या स्क्रीनवर वाकून बघायला लागली. इतिहास मी त्यानंतर आठ मिनिटांत सांगितला आणि तो सगळ्यांनी ऐकला, कारण आता त्यांना तो हवा होता.

तिसरा शनिवार बुडाला. कृष्णेला पाणी चढत होतं, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं याशिवाय सांगलीत दुसरं बोलणं नव्हतं. चौथ्या वेळी वाय-फाय बसलं आणि वीसजणांचं इन्स्टॉलेशन एकदमच अडकलं. तेव्हापासून सगळं सामान पेन ड्राइव्हवर, इंटरनेटशिवाय चालेल असं. प्रपोजलमध्ये तांत्रिक गरजांचा रकाना असतो. पहिल्या वेळी मी तिथे 'प्रोजेक्टर' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी लिहिलं: प्रत्येक रांगेत प्लगपॉइंट, इंटरनेट नसलं तरी चालेल.

सगळ्यात जास्त मेहनत सामान्यरूपाच्या भागावर झाली. हे शिकवायला मी माझ्या मैत्रिणीला बोलावलं, ती पुण्यात भाषाशास्त्र शिकवते. तिनं फळ्यावर आमच्याच गावांची नावं लिहिली आणि मुलांना नुसतं 'ला' लावायला सांगितलं. सांगलीला, वाईला, कराडला. इथवर काही नाही. मग मिरज, पण मिरजेला. विटा, पण विट्याला. सातारा, पण साताऱ्याला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तिनं विचारलं. कुणीच नाही. मग तिनं सांगितलं की या बदलाची मांडणी व्याकरणात केव्हाचीच झालेली आहे, मोरो केशव दामले यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त तपशिलात आहे. स्टेमर लिहिणारा मात्र 'ला' तोडतो आणि 'विट्या' हातात घेऊन बसतो, विटा काही त्याला सापडत नाही. हळदीच्या, हळदीसाठी, हळदीतल्या हे सगळे शब्द 'हळद'पाशी आणायचे तर आधी 'हळदी' या थांब्यावर उतरावं लागतं. मार्केट यार्डातल्या पोराला हे न शिकता येतं. मशिनला कुणीतरी सांगायला हवं.

तिथून शब्दांच्या तुकड्यांकडे जाणं सोपं झालं. आजची मॉडेलं मजकूर उपशब्दांत तोडतात. त्यातली बाइट-पेअर एन्कोडिंगची, म्हणजे वारंवार शेजारी येणाऱ्या जोड्या एकत्र करत जायची, युक्ती मुळात फिलिप गेज यांनी १९९४मध्ये फाइल लहान करण्यासाठी काढली, आणि सेनरिच, हॅडो व बर्च यांनी २०१६मध्ये ती भाषांतरासाठी वापरून दाखवली. मी वर्गात एवढंच करते: रोमन लिपीत सांगलीचं स्पेलिंग सहा अक्षरांचं, यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत सहा बाइट. देवनागरीतही सांगलीचे सहाच कोड पॉइंट, पण बाइट अठरा. मग साताऱ्यात ची दोन्ही रूपं टोकनायझरमधून, म्हणजे हे तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालवायची आणि तुकडे वेगळे पडलेले बघायचे. मॉडेलच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला निम्मीच उदाहरणं येतात.

दुसरं प्रपोजल लिहायला बसले तेव्हा वेळापत्रक आधीच तयार होतं, चार शनिवारांच्या घड्याळावरून काढलेलं. गायब गावं दहा मिनिटं, कोड पॉइंट आणि नॉर्मलायझेशन पस्तीस, सामान्यरूप चाळीस, चहा पंधरा, उपशब्द पंचेचाळीस, स्वतःचा डेटा तपासणं वीस, प्रश्न पंधरा. पूर्वतयारी काय लागते, तर पायथॉनमध्ये लूप लिहिता यावा. मराठी येण्याची गरज नाही. श्रोते किती येतील याचा अंदाजही द्यावा लागतो. पहिल्यांदा मी शंभर लिहिले होते, या वेळी तीस.

एसीएलच्या त्या एकत्र आवाहनांमध्ये एक अट वाचली होती, की ट्यूटोरियलचा किमान ६० टक्के भाग शिकवणाऱ्यांखेरीज इतरांच्या कामावर असावा. मी ज्यांच्याकडे पाठवत होते त्यांनी ती घातलेली नव्हती, तरी मी स्वतःला ती लावून घेतली. मला ती फार मोलाची वाटते. वाचनाची यादी करताना पहिल्यांदा कळलं की आपल्या मागे किती माणसं राबली आहेत. अनूप कुंचुकुट्टन यांची इंडिक एनएलपी लायब्ररी. शब्दांचे अर्थसंबंध नोंदवणारं आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट. पुण्याच्या एल३क्यूब या गटानं खुले करून दिलेले मराठीचे डेटासेट आणि मॉडेलं. अनेक भाषांतल्या वाक्यांची रचना एकाच पद्धतीनं नोंदवणाऱ्या युनिव्हर्सल डिपेंडन्सीज प्रकल्पातली मराठीची वृक्षपेढी, जिच्यात वाक्यं फक्त ४६६ आहेत. हा आकडा मी स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकलाय. त्याच्याखाली काही लिहिलेलं नाही. आमचा स्टेमर आता एका स्लाइडवर आहे, तो कुठे चुकतो त्याच्या उदाहरणांसह.

शिकवणारे तिघे. मी, मैत्रीण आणि जतची ती विद्यार्थिनी, आता शेवटच्या वर्षाला आहे. तिचं नाव टाकायचं की नाही यावर विभागात थोडी चर्चा झाली. मी ठाम होते. कन्नडचा भाग तिचा आहे, तो तीच शिकवणार.

कॉलेजमध्ये विचारतात, पेपर आहे का? नाही, ट्यूटोरियल आहे. मग पॉइंट किती? बढतीच्या फॉर्ममध्ये याला जागा शोधावी लागते, आणि हे मला चुकीचं वाटतं. माझ्या कुठल्याच शोधनिबंधासाठी मी इतकं वाचलं नव्हतं, आणि एकही शोधनिबंध बावीस माणसांसमोर चालवून, त्यांचे चेहरे बघून दुरुस्त केला नव्हता. जे शिक्षक आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं, तुमच्या विषयात असा एखादा सातारा असेल तर प्रपोजल लिहा. पण आधी चार शनिवार शिकवा.

मुदत 'पृथ्वीवर कुठेही' या हिशेबाची होती. म्हणजे जगात सगळ्यात शेवटी जिथे तारीख बदलते तिथले रात्रीचे ११.५९, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५.२९. मी सकाळीच पाठवलं. उत्तर मागच्या मंगळवारी आलं. स्वीकारलं आहे. रिव्ह्यूमध्ये एकच सूचना होती, चुकीच्या उदाहरणांची एक तपासणी-फाईल श्रोत्यांना घरी न्यायला द्या.

ती फाईल आता आप्पांकडे आहे. म्हणजे कॅलेंडरच्या पाठच्या बाजूवर आहे. जुळणीत त्या खिळ्यानं ज्या ज्या शब्दांना अडवलं होतं ते ते आठवून लिहितायत. दऱ्या, खोऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, तऱ्हा, बिऱ्हाड, कुऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हा. कराड त्यांनी जुन्या वळणानं कऱ्हाड असं लिहिलंय, आणि मी ते तसंच ठेवलंय. संध्याकाळी मी ते टाइप करते, प्रत्येक शब्द दोन्ही पद्धतींनी, आणि जॉइनर काढल्यावर काय उरतं ते तिसऱ्या रकान्यात. काल जेवताना मध्येच थांबून म्हणाले, "न्याहाऱ्या लिहिलंस का?" नव्हतं लिहिलं. तो आता ४३वा.